गटारांतील मृत्यु : दुर्दैव कीं अपराध?

सेप्टिक टाकी साफ करण्यास उतरलेले मजूर आंत गुदमरून मेले, अशा अर्थाचें चार ओळींचें वृत्त वर्षांतून अनेक वेळां आपल्या दृष्टीस पडतें. वाचणारा क्षणभर हळहळतो, ‘बिचाऱ्यांचें दुर्दैव’ म्हणतो आणि पान उलटतो. आमचें म्हणणें असें आहे कीं, येथें दैवास दोष देणें म्हणजे खऱ्या दोषी इसमास मोकळें सोडणें होय. जी गोष्ट कशी घडते हें शास्त्रानें सांगितलें आहे व जी घडूं देऊं नये असें कायद्यानें बजावलें आहे, तिला अपघात हें नांव शोभत नाहीं.

प्रथम शास्त्राचें पाहूं. मोकळ्या हवेंत प्राणवायु शेंकडा सुमारें २१ असतो. बंद टाकींत मैला कुजूं लागला म्हणजे तो खर्च होतो, आणि मिथेन व हायड्रोजन सल्फाइड यांसारखे वायु जमतात. प्राणवायु शेंकडा १० च्या खालीं गेला कीं मनुष्य बेशुद्ध पडूं लागतो. ६ च्या खालीं गेल्यास कांहीं मिनिटांत प्राण जातो. हायड्रोजन सल्फाइडास सडक्या अंड्यासारखी घाण येते; म्हणून घाण थांबली म्हणजे धोका टळला, अशी पुष्कळांची समजूत असते. ती समजूत प्राणघातक आहे. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे शंभर भाग झाले कीं नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, आणि हजाराच्या सुमारास दोनचार श्वासांतच मनुष्य कोसळतो. हा वायु गाळांतही दडलेला असतो व गाळ ढवळतांच एकदम वर येतो. विहिरींत उतरण्यापूर्वीं कंदील सोडून पाहण्याची आपली जुनी चाल येथें उपयोगी नाहीं. कंदील विषारी वायु ओळखत नाहीं, उलट मिथेनचा भडका उडण्याचें भय मात्र असतें.

याहून हृदयद्रावक गोष्ट ही कीं, एक आंत पडला म्हणजे दुसरा त्यास काढण्यास उतरतो, आणि तोही परत येत नाहीं. केरळांत कोझिकोड येथें २०१५ सालीं गटारांत पडलेल्या दोघां मजुरांस वाचविण्यास धांवलेला एक रिक्षावाला त्यांच्याबरोबरच मृत्यु पावला. त्याच्या धैर्याबद्दल पूर्ण आदर राखूनही आम्हांस सांगणें प्राप्त आहे कीं, श्वासयंत्रावांचून कोणीही मागोमाग उतरूं नये. वरूनच दोरानें ओढतां आल्यास ओढावें व तत्काळ अग्निशामक दलास बोलवावें.

आतां कायदा. २०१३ च्या कायद्याचें सातवें कलम सांगतें कीं, संरक्षक साधनें व खबरदारी यांवांचून गटार वा सेप्टिक टाकी साफ करण्यास कोणासही प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणें कामास लावूं नये. हा निर्बंध नगरपालिकेस आहे, तसाच खासगी माणसासही आहे. पहिल्याच अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं अशा प्रत्येक मृत्यूबद्दल दहा लाख रुपये भरपाई ठरविली, व २०२३ सालीं ती तीस लाखांवर नेली. ‘मजूर आपण होऊन उतरला’, ‘काम कंत्राटदाराकडे होतें’ या सबबी नेहमीं पुढें येतात. ‘अप्रत्यक्षपणें’ हा शब्द कायद्यांत घातला आहे, तो अशाच सबबींकरितां. कायद्यांत उणें नाहीं. उणें आहे तें अंमलबजावणींत आणि आपल्या मनांत. टाकींत उतरणारा मनुष्य बहुधा कोणत्या जातींतला असतो, हें वाचकांस आम्हीं सांगावयास नको. तें ठाऊक असल्यामुळेंच तर आपणांस त्याच्या मरणाचा धक्का बसत नाहीं. हीच गोष्ट आम्हांस सर्वांत लाजिरवाणी वाटते.

यंत्रानें मैला उपसणाऱ्या गाडीस पैसे जास्त पडतात, असा आक्षेप व्यवहारी गृहस्थ घेतील. त्यांस आमचा उलट प्रश्न आहे : वांचविलेल्या त्या रुपयांची किंमत कोण भरतो? मजुराची विधवा भरते. आणि न्याय नीट झाला तर तुम्हीही भराल. तेव्हां सोसायटीच्या चिटणिसानें, दुकानदारानें व कारखानदारानें काम देतांना माणूस आंत उतरणार नाहीं अशी लेखी अट घालावी. नगरपालिकांनीं पुरेशा गाड्या ठेवून त्यांचा दर सामान्य माणसास परवडेल असा करावा. पोलिसांनीं नुसती अकस्मात् मृत्यूची नोंद करून न थांबतां, काम कोणीं दिलें याचा तपास करावा. या गोष्टी होण्यास कदाचित् वेळ लागेल. परंतु टाकीचें झांकण आपल्याच अंगणांत आहे. त्यांतून कोणास आंत उतरूं द्यावयाचें नाहीं, एवढें ठरविण्यास कोणत्याही हुकुमाची वाट पाहावी लागत नाहीं.