दान ब्राह्मणांना, लेणे भिक्षूंना

प्राचीन भारतात ब्राह्मणांचे स्थान नेमके काय होते? पुष्कळांचे उत्तर मनुस्मृतीपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. पण समाज कसा असावा, हे स्मृती सांगते. तो कसा होता, हे पाहायचे तर नाशिकच्या पांडवलेण्यांतील इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतले लेख वाचावेत.

क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दहाव्या लेण्यात आपल्या दानधर्माची यादीच कोरून ठेवली आहे : 3 लाख गायी, देवब्राह्मणांना 16 गावे, दरवर्षी 1 लाख ब्राह्मणांना भोजन. आकडे फुगवलेले असतीलही. पण ब्राह्मणाला दिल्याने पुण्य लागते आणि नावही होते, ही समजूत त्यांतून दिसते. गंमत म्हणजे ते लेणे मात्र बौद्ध भिक्षूंसाठी आहे. त्यांच्या चीवरांसाठी उषवदाताने विणकरांच्या श्रेणीकडे कार्षापणे व्याजाने ठेवली होती.

नहपानाचा पाडाव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीचे गुणगान तिसऱ्या लेण्यात आहे. तो ‘एकब्राह्मण’, क्षत्रियांचा गर्व उतरवणारा, चार वर्णांचा संकर थांबवणारा! तरीही त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, हे लेणे भिक्षुसंघालाच दिले.

म्हणजे ब्राह्मणांचा मान मोठा होता, पण मक्तेदारी नव्हती. शिवाय संकर थांबवल्याची बढाई मारावी लागते, तेव्हा तो होत असणारच. वर्णांच्या भिंती पोथीत जितक्या पक्क्या होत्या, तितक्या समाजात नव्हत्या. जातीचा अभिमान किंवा राग इतिहासाच्या नावावर खपवण्यापूर्वी या लेण्यांच्या भिंती एकदा वाचायला हव्यात.