पन्नास तासांचें इंग्रजी

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत इंग्रजीच्या शिक्षकांसाठीं कार्यशाळा भरली म्हणजे तिचें वृत्त मोठ्या कौतुकानें छापलें जातें. दीपप्रज्वलन होतें, गटचर्चा होते, कृतिगीतें गाइलीं जातात आणि सायंकाळीं प्रत्येकाच्या हातांत प्रमाणपत्र पडतें. या उद्योगामागील सद्धेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. आमचा आक्षेप निराळा आहे. शिक्षकास ज्या गोष्टीची सर्वांत अधिक उणीव आहे ती येथें दिली जात नाहीं, आणि जी त्याजपाशीं बऱ्यापैकीं आहे तीच पुनःपुन्हा दिली जाते.

उणीव आहे ती खुद्द इंग्रजीची. २००० सालीं महाराष्ट्र सरकारनें पहिलीपासून इंग्रजी सुरू केलें. तोंवर मराठी शाळेंत हा विषय पांचवीस येत असे. ज्यांच्यावर हें काम एकाएकीं येऊन पडलें ते गुरुजी आणि त्या बाई स्वतः भाषांतर, व्याकरण आणि पाठांतर या मार्गानें इंग्रजी शिकलेल्या. त्यांना वाचतां येतें, परीक्षेपुरतें लिहितांही येतें. परंतु वर्गांत दहा मिनिटें सलग इंग्रजी बोलावयाचें म्हटलें कीं जीभ अडखळते. यांत त्यांचा दोष तो काय? ज्याच्याशीं इंग्रजींत चार वाक्यें बोलावीं असें माणूस त्यांच्या पंचक्रोशींत नाहीं. अशा शिक्षकास बोलावून आपण त्याला पद्धति शिकवितों. हुकूम ऐकून मुलांनीं हातपाय हालवावे ही एक पद्धति, चित्रांचीं कार्डें दाखवावीं ही दुसरी. पद्धति म्हणजे पाटाची आंखणी होय. विहिरींत पाणी नसेल तर पाट कितीही सरळ खणला तरी ऊंस वाळावयाचाच, हें या तालुक्यांतील शेतकऱ्यास कोणीं सांगावें लागत नाहीं.

कार्यशाळेंत इंग्रजी कानांवर पडतेंच कीं, असें कोणी म्हणतील. तें किती पडतें तें पाहावें. राज्याच्या ठिकाणीं निवडक मंडळी शिकतात, त्यांच्याकडून जिल्हा शिकतो, जिल्ह्याचे सुलभक तालुक्यास शिकवितात. या उतरंडींत मूळचें इंग्रजी वाटेंतच मराठी होऊन जातें. शेवटच्या पायरीवर कृतींचीं नांवें तेवढीं इंग्रजी उरतात! शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वयें साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोनच शिक्षक मिळतात. त्यांतला एक तालुक्यास गेला म्हणजे मागें राहिलेल्यानें सारे वर्ग सांभाळावे. शिकविणें सुधारावें म्हणून त्या दिवसाचें शिकविणें बंद, असा हा व्यवहार आहे.

आणि मुलांकडे कोण पाहतो? दिवाळीच्या सुमारास माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांवर ऊंसतोडणीचीं कुटुंबें येऊन उतरतात. त्यांच्यापैकीं कित्येकांच्या घरीं बंजारा बोली चालते. शाळेची मराठी हीच त्या मुलांची दुसरी भाषा. तथापि ट्रॅक्टर, ट्रॉली, टायर, मोबाइल, चार्जर, रेंज हे शब्द त्यांच्या तोंडीं सहज आहेत. इंदापूरच्या डाळिंबवाल्याचें पोर मोटर, स्टार्टर, पंप, ड्रिप यांच्या गोष्टी रोज ऐकतें. एवढें इंग्रजी फुकट हातीं असतां आरंभ तेथून करावा, हें आमच्या मतें पहिल्या दिवशीं सांगण्याजोगें होय. चित्रकार्डावर मात्र बहुधा बर्फाचा माणूस असतो.

ज्यांना ऐपत आहे तीं कुटुंबें केव्हांच निघून गेलीं. सकाळीं कारखान्याच्या पट्ट्यांतून पिवळ्या गाड्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे धांवतात. आपल्या वाचकांपैकीं बहुतेकांचीं मुलेंही अशाच कोठेंतरी बसलेलीं असतील. जिल्हा परिषदेच्या शाळेंत उरतें तें मूल, ज्याला त्या गुरुजीवांचून दुसरा इंग्रजीचा दरवाजा नाहीं.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें प्रत्येक शिक्षकानें वर्षास निदान ५० तास व्यावसायिक विकासासाठीं द्यावे अशी अपेक्षा केली आहे. अपेक्षा चांगली, भीति मोजदादीची वाटते. वरिष्ठ वेतनश्रेणीसाठीं १२ आणि निवडश्रेणीसाठीं २४ वर्षांच्या सेवेच्या जोडीस प्रशिक्षण लागतेंच. जेथें वेतन प्रमाणपत्रावर अडतें, तेथें माणूस प्रमाणपत्रासाठीं येतो. त्याला नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं.

दुसरी वाट ठाऊक नाहीं असेंही नव्हे. २०१६ ते २०१९ या काळांत ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट्स आणि राज्य सरकार यांनीं कांहीं जिल्ह्यांत ‘तेजस’ नांवाचा प्रयोग चालविला. शेजारशेजारच्या शाळांतील शिक्षकांनीं लहान गटांत वरचेवर भेटावें, एखादी कृति आपल्या वर्गांत करून पाहावी आणि पुढील भेटींत तिजविषयीं बोलावें, अशी त्याची रचना होती. त्यास पाहुणे लागत नाहींत, मांडव लागत नाहीं. केंद्राकेंद्रांतून महिन्याची शिक्षण परिषद भरतेच. तीत दोन तास इंग्रजीचे राखून ठेवावे. त्या दोन तासांत शिक्षकांनीं एखादी लहानशी गोष्ट मिळून वाचावी, तिजविषयीं चुकतमाकत कां होईना इंग्रजींतच बोलावें, आणि महिन्यांतून एकदां एकानें दुसऱ्याच्या वर्गांत मागें बसून ऐकावें. परिपत्रकें आणि माहितीचे तक्ते त्या वेळांत मागितले जाणार नाहींत, असें आश्वासन मात्र शिक्षणखात्यानें लेखी द्यावें. तोंडी आश्वासनांवर आमचा विश्वास उरलेला नाहीं.