सरावच जेव्हा जिवावर उठतो...

- विशेष प्रतिनिधी

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल म्हटले की डोक्याला शिरस्त्राण, खांद्यावर जाड गाद्या आणि पूर्ण वेगाने एकमेकांवर आदळणारे धिप्पाड तरुण, असे चित्र डोळ्यांसमोर येते. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याच्याशी या खेळाचे नावापुरतेच साम्य. इतका आडदांड खेळ खेळाडूंचे बळी घेत असेल तर तो या टकरींमुळेच, असा समज कोणाचाही व्हावा. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. २००० ते २०१६ या काळात 'एनसीएए' या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या कक्षेतील ३३ फुटबॉलपटू खेळताना अथवा सराव करताना दगावले. त्यांपैकी केवळ सहा जणांचा मृत्यू टक्कर वा आघातामुळे झाला. उरलेले २७ जण उष्माघात, हृदयविकार, दमा किंवा 'सिकल सेल'च्या गुंतागुंतीने गेले. २०१७ मध्ये क्रीडावैद्यकाच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या आकडेवारीने हंगामाबाहेरील शारीरिक सरावाकडेच बोट दाखवले होते.

'स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग' या नावाने ओळखला जाणारा हा सराव म्हणजे वजने उचलणे, धावणे आणि दमसास वाढवणे. खेळाडूला दुखापतींपासून वाचवणे हे त्याचे घोषित उद्दिष्ट. ज्या तालमीने शरीर घडवायचे, तीच शरीराच्या मुळावर का येते, हा प्रश्न त्यामुळे केवळ वैद्यकीय राहत नाही. तो सत्तेचा आणि उत्तरदायित्वाचाही प्रश्न ठरतो.

वजनांच्या खोलीचा उदय

पन्नास-साठ वर्षांपूर्वी अमेरिकी प्रशिक्षकांना वजने उचलण्याचे वावडे होते. स्नायू फुगले की खेळाडू मंदावतो, अशी त्यांची धारणा होती. १९६९ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक बॉब डेव्हनी यांनी बॉईड एपली या दुखापतग्रस्त पोल व्हॉल्टपटूवर फुटबॉल संघाच्या व्यायामाची जबाबदारी सोपवली, तीही काहीशा साशंकतेनेच. पुढच्याच दोन वर्षांत, १९७० आणि १९७१ मध्ये, नेब्रास्काने राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. त्यानंतर देशभरातील विद्यापीठांत व्यायामशाळा उभारण्याची जणू अहमहमिका लागली. १९७८ मध्ये एपली यांच्याच पुढाकाराने या प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि एका नव्या व्यवसायाला मान्यता मिळाली.

या व्यवसायाचे योगदान नाकारण्याचे कारण नाही. शास्त्रशुद्ध व्यायामाने खेळाडूंची ताकद आणि वेग वाढला, दुखापतींतून सावरणे सुकर झाले. परंतु या शास्त्राच्या बरोबरीने एक जुनी परंपराही वजनांच्या खोलीत शिरली. १९५४ मध्ये 'टेक्सास ए अँड एम'चे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी दुष्काळाने होरपळलेल्या जंक्शन या गावी दहा दिवसांचे शिबिर घेतले. रणरणत्या उन्हात, पाणी पिण्याची मुभाही न देता घेतलेल्या त्या सरावात बहुसंख्य खेळाडूंनी पळ काढला. जे टिकले त्यांची दंतकथा झाली. त्या वर्षी संघाने दहापैकी नऊ सामने गमावले, हे मात्र दंतकथा सांगणारे सहसा सांगत नाहीत. खेळाडूला आधी मोडायचे आणि मग घडवायचे, हा विचार तेव्हापासून या खेळात मुरला आहे.

नियमाने दिलेली सत्ता

खेळाडू हे आधी विद्यार्थी आहेत, या भूमिकेतून एनसीएएने सरावाच्या तासांवर मर्यादा घातली. हंगामात आठवड्याला २० तास, हंगामाबाहेर आठ तास. हंगामाबाहेर मुख्य प्रशिक्षकाला खेळाडूंसोबत फारच थोडा वेळ मिळतो. व्यायाम करवून घेणाऱ्या 'स्ट्रेंथ कोच'ला मात्र जवळपास वर्षभर मोकळीक असते. शिवाय 'ऐच्छिक' म्हणवला जाणारा व्यायाम या तासांत मोजला जात नाही. संघातील जागा आणि शिष्यवृत्ती ज्यांच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्यांच्या डोळ्यांदेखत असा ऐच्छिक व्यायाम टाळण्याची हिंमत एकोणीस वर्षांचा मुलगा करील, हे संभवत नाही.

परिणामी, खेळाडूंच्या संरक्षणासाठी केलेल्या नियमातूनच एक नवे सत्ताकेंद्र निर्माण झाले. स्ट्रेंथ कोच हा मुख्य प्रशिक्षकाचा डोळा आणि कान बनला. कोण कणखर, कोण कामचुकार, याचा निवाडा तोच करू लागला. त्याची नेमणूक बहुधा मुख्य प्रशिक्षकाच्या पसंतीने होते आणि प्रशिक्षकाने विद्यापीठ बदलले की तोही त्याच्यामागे जातो. आयोवा विद्यापीठातील ख्रिस डॉयल यांचे वार्षिक वेतन तर आठ लाख डॉलरपर्यंत पोहोचले होते. एवढ्या मानमरातबाच्या पदाला वैद्यकीय बाबतीत रोखू शकेल असा ॲथलेटिक ट्रेनर, म्हणजे खेळाडूंच्या प्रकृतीची काळजी वाहणारा कर्मचारी, अनेक ठिकाणी त्याच मुख्य प्रशिक्षकाच्या प्रभावाखाली काम करीत असे. मग थांबा म्हणायचे कोणी?

तीन विद्यापीठे, एक साचा

जानेवारी २०११ मध्ये आयोवा विद्यापीठाचे खेळाडू सुमारे तीन आठवड्यांच्या सुटीनंतर परतले. त्यांना आपल्या कमाल क्षमतेच्या निम्मे वजन खांद्यावर घेऊन १०० बैठका मारण्यास सांगण्यात आले, त्याही घड्याळ लावून. काही दिवसांतच १३ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. निदान होते 'ऱ्हॅब्डोमायोलिसिस'. अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतील प्रथिन रक्तात उतरते आणि ते गाळताना मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका उद्भवतो. विद्यापीठाच्या चौकशीत कोणावरही ठपका ठेवण्यात आला नाही. हा व्यायाम यापुढे करवून घेऊ नये, एवढी शिफारस झाली. त्याच वर्षी डॉयल यांना संघातील सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा पुरस्कारही मिळाला. वांशिक भेदभावाच्या आरोपांनंतर २०२० मध्ये त्यांनी विद्यापीठ सोडले, तेही सुमारे ११ लाख डॉलरची तडजोड करून.

जानेवारी २०१७ मध्ये ऑरेगन विद्यापीठात याचीच पुनरावृत्ती झाली. नवे मुख्य प्रशिक्षक विली टॅगर्ट यांनी आपल्यासोबत आणलेल्या स्ट्रेंथ कोचच्या पहिल्याच सत्रांनंतर तीन खेळाडू रुग्णालयात पोहोचले. संबंधित कोचला महिनाभर बिनपगारी निलंबित करण्यात आले. वर्षअखेर टॅगर्ट फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात गेले, तेव्हा तो कोचही त्यांच्याबरोबर गेला.

मेरीलँड विद्यापीठाच्या जॉर्डन मॅकनेअरला परतीची संधी मिळाली नाही. २९ मे २०१८ रोजी ११० यार्डांच्या, म्हणजे सुमारे शंभर मीटरच्या, सलग दहा धावांच्या सरावात तो कोसळण्याच्या बेतास आला. लक्षणे दिसल्यापासून रुग्णवाहिका बोलावेपर्यंत सुमारे तासभर गेला. बर्फाच्या पाण्यात बुडवून शरीर थंड करण्याचा सर्वमान्य उपाय करण्यात आला नाही. रुग्णालयात त्याच्या शरीराचे तापमान १०६ अंश फॅरनहाइट भरले. १३ जून रोजी तो वारला, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी ऑगस्टमध्ये कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी स्वीकारली. स्ट्रेंथ कोच आर्थिक तडजोडीसह पायउतार झाला. मुख्य प्रशिक्षक डी. जे. डर्किन यांना मात्र नियामक मंडळाने ३० ऑक्टोबरला पुन्हा कामावर घेतले आणि लोकक्षोभ उसळताच दुसऱ्या दिवशी त्यांना काढून टाकण्यात आले. २०२१ मध्ये कुटुंबाला ३५ लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली.

तिन्ही घटनांत साचा एकच आहे. सुटीनंतरचे किंवा नव्या राजवटीचे पहिले दिवस, शरीर तयार होण्यापूर्वीच लादलेला पराकोटीचा व्यायाम आणि मागे हटणाऱ्यावर बसणारा दुबळेपणाचा शिक्का. त्यात खेळाच्या गरजेचाही संबंध नाही. अमेरिकी फुटबॉलमधील एक चाल सरासरी पाच-सहा सेकंदांत संपते आणि नंतर विश्रांती मिळते. दीडशे किलोच्या आसपास वजन असलेल्या बचावाच्या भिंतीतील खेळाडूला शंभर मीटर पुनःपुन्हा धावायला लावून सामन्याची तयारी होत नाही. ती होते फक्त आज्ञापालनाची परीक्षा.

उपाय ठाऊक आहेत

या मृत्यूंची खंत वाटावी ती यासाठी की, यांतील बहुतेक टाळता येण्याजोगे होते. उष्माघातात 'आधी थंड करा, मग हलवा' हे सूत्र पाळून अर्ध्या तासाच्या आत शरीराचे तापमान उतरवले, तर रुग्ण वाचण्याची शक्यता फार मोठी असते. त्यासाठी लागतो बर्फ, पाणी आणि एक टब. सिकल सेलचे जनुक बाळगणाऱ्या खेळाडूंचे लाल रक्तकण अतिश्रमात विळ्याच्या आकाराचे होऊन रक्तप्रवाह रोखू शकतात. विदर्भ आणि नंदुरबारमुळे या आजाराचे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. अमेरिकेत सुमारे आठ टक्के कृष्णवर्णीयांत हे जनुक आढळते. २००६ मध्ये राइस विद्यापीठाचा डेल लॉईड सरावानंतर दगावला. त्याच्या कुटुंबाने लढा दिल्यानंतर २०१० पासून अव्वल श्रेणीत ही तपासणी बंधनकारक झाली.

नियम केला की फरक पडतो, याचा आणखी एक दाखला आहे. २००३ मध्ये एनसीएएने ऑगस्टमधील हंगामपूर्व सरावासाठी पहिले पाच दिवस शरीराला हवामान सोसू देणारी चढती पद्धत सक्तीची केली. त्या काळातील जीवितहानी घटली. मात्र ही शिस्त हंगामाबाहेरच्या सरावाला लागू झाली नाही आणि धोका तिकडे कायम राहिला.

२०१६ मध्ये पाच बड्या परिषदांनी वैद्यकीय कर्मचाऱ्यांचा निर्णय प्रशिक्षकाला फिरवता येणार नाही, असा नियम केला. २०१९ मध्ये एनसीएएने वैद्यकीय संघटनांसह सविस्तर शिफारशी प्रसिद्ध केल्या. व्यायाम हा शिक्षा म्हणून वापरू नये, सुटीनंतरचा सराव टप्प्याटप्प्याने वाढवावा, आणीबाणीची योजना लेखी असावी व तिची तालीम व्हावी, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. पण अंमलबजावणीचा भार मुख्यतः प्रत्येक विद्यापीठावरच आहे. कागदावरील नियम मैदानावर किती उतरतो, हे मेरीलँडनेच दाखवले. २०१६ चा नियम तेव्हा अस्तित्वात होता, तरीही तासभर निर्णय झाला नाही.

ही मानसिकता फुटबॉलपुरती उरलेली नाही, हेही नोंदवले पाहिजे. सप्टेंबर २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील टफ्ट्स विद्यापीठाच्या लॅक्रॉस संघाने नौदलाच्या विशेष दलाचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली सुमारे पाऊण तासाचा व्यायाम केला. नऊ खेळाडूंना त्याच ऱ्हॅब्डोमायोलिसिसमुळे रुग्णालयात ठेवावे लागले. आयोवाच्या प्रकरणाला तेव्हा तेरा वर्षे उलटून गेली होती.

पैसा आला, उत्तरदायित्वाचे काय?

जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार अमेरिकी विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली. २०२५-२६ या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाची ही मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. हौशीपणाचा मुखवटा त्यामुळे गळून पडला. तथापि, या तडजोडीने खेळाडूला कर्मचाऱ्याचा दर्जा दिला नाही. कारखान्यातील कामगाराला सुरक्षेच्या कायद्याचे जे कवच लाभते, त्यापासून वजनांच्या खोलीत घाम गाळणारा हा तरुण दूरच आहे. उलट, त्याच्यावर पैसा खर्च झाला की त्याने तो वसूल करून द्यावा ही अपेक्षाही वाढणार.

उपाय गुंतागुंतीचा नाही. स्ट्रेंथ कोच मुख्य प्रशिक्षकाऐवजी विद्यापीठाच्या आरोग्य विभागाला उत्तरदायी असावा, सरावाची आखणी आधी वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासावी आणि नियमभंगाला सामने गमावण्याइतकी जबर शिक्षा असावी. खेळाडूंना अवैध लाभ दिल्याबद्दल संघांची अजिंक्यपदे काढून घेणाऱ्या व्यवस्थेला ही शिक्षा अपरिचित नाही. ती खेळाडूच्या जिवासाठीही वापरण्याची तयारी ही व्यवस्था दाखवते का, एवढाच प्रश्न आहे. तोवर प्रत्येक नव्या मृत्यूनंतर चौकशी समिती, तडजोड आणि एखादा राजीनामा, हाच क्रम चालू राहील.