पात्र तुमचं, पण जग कुणाचं?

'नारुतो'च्या जगात तुम्ही स्वतःचा एक निन्जा तयार केलात. नाव, चेहरा, स्वभाव सगळं तुमचं. कॉमिक कॉनला त्याचाच कॉस्प्ले केलात. मस्त! पण त्याचे स्टिकर विकायचे असतील, तर आधी कपाळावरची पानाच्या चिन्हाची पट्टी काढा. ती मासाशी किशिमोतो यांची आहे.

ई. एल. जेम्स यांनी 'ट्वायलाइट'वरच्या आपल्या फॅन फिक्शनमधली एडवर्ड-बेला ही नावं बदलली, मगच २०११ मध्ये 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' पुस्तक म्हणून आणलं.

माझं मत सरळ आहे: सराव उसन्या जागेत करा, धंदा स्वतःच्या गाळ्यात. पट्टी काढल्यावरही लोक त्याचं नाव विचारतात? मग तोच तुमचा माल. नाही विचारत? मग छपाईत पैसे घालू नका, अजून पेन्सिल चालवा.