शेवटच्या रांगेत कोण बसणार?

साप्ताहिक स्तंभ : गाडीचा हिशेब

सणाचे दिवस आले की छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवरच्या शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीतही सात सीटची गाडी बघायला आलेलं कुटुंब लगेच ओळखू येतं, कारण ते सातच्या सात जण आलेलं असतं. त्यांचे प्रश्नही ठरलेले. ॲव्हरेज किती देते? रिसेल कशी आहे? मुहूर्तावर डिलिव्हरी मिळेल ना? हल्ली चौथा प्रश्न सुरक्षेचे तारे किती, हाही असतो आणि ते चांगलंच आहे. पण ज्या रांगेसाठी आपण पाच सीटची गाडी सोडून जास्तीचे पैसे मोजतो, त्या तिसऱ्या रांगेबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सात सीटची गाडी मागून पुढे तपासावी.

परवा एका शोरूममध्ये असंच एक कुटुंब बघितलं. आजोबा पुढे, मुलगा स्टीअरिंगला, आजी मधल्या सीटवर पाय पसरून ऐसपैस. सेल्समनने लिव्हर ओढून मधली सीट पुढे सरकवली आणि सुनेला म्हणाला, "वहिनी, मागे बसून बघा ना." ती पदर खोचून, डोकं वाकवून कशीबशी आत शिरली. गुडघे पोटाशी आले, डोकं छताला लागलं, आणि मधली सीट परत मागे आल्यावर पाय ठेवायला जागाच उरली नाही. नवऱ्याने आरशातून विचारलं, "बरं आहे ना?" ती म्हणाली, "चालतंय. मुलंच तर बसणारेत मागे." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि बोलणं पुन्हा ॲव्हरेजवर आलं.

मुलंच बसणार आहेत, हेच तर खरं दुखणं आहे. भारत एनकॅप ही आपली क्रॅश टेस्ट १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटरच्या वेगाने समोरच्या अडथळ्यावर आदळवतात. पुढच्या दोन सीटवर मोठ्या माणसांचे पुतळे असतात आणि मधल्या रांगेत दीड व तीन वर्षांच्या मुलांएवढे दोन पुतळे. बाजूच्या धडकेची आणि खांबावर आदळण्याचीही चाचणी असते. तिसऱ्या रांगेत मात्र पुतळा बसवत नाहीत, आणि मागून येणाऱ्या ट्रकच्या धडकेवर तारे ठरत नाहीत. म्हणजे जाहिरातीतले पाच तारे खरे असतात, फक्त ते तुमच्या शेवटच्या रांगेला मिळालेले नसतात.

ही काही आपल्याकडचीच गत नाही. अमेरिकेत मिनीव्हॅन ही घराघरातली गाडी. तिथल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने २०२३ मध्ये चार नावाजलेल्या मिनीव्हॅन तपासल्या, या खेपेला मागे बसणाऱ्याचाही पुतळा ठेवून. मागच्या माणसाच्या सुरक्षेत चारपैकी एकही गाडी धड पास झाली नाही. आणि तो पुतळा तरी दुसऱ्या रांगेतच होता.

आता आपल्या बाजारातल्या गाड्या. मारुतीच्या अर्टिगाला २०१९ मध्ये ग्लोबल एनकॅप या आंतरराष्ट्रीय चाचणी संस्थेचे तीन तारे होते. पुढे नियम कडक झाले आणि २०२४ मध्ये भारतात बनून आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या दोन एअरबॅगच्या अर्टिगाला प्रौढांसाठी एकच तारा मिळाला. २०२५ पासून आपल्याकडे तिच्यात सहा एअरबॅग सरसकट येतात, ही जमेची बाजू. पण एअरबॅग वाढल्या म्हणून सांगाडा मजबूत होत नाही. रेनॉच्या ट्रायबरने २०२१ मध्ये चार तारे मिळवले होते. कडक नियमांत आफ्रिकेतल्या ट्रायबरला दोनच मिळाले. तेव्हा कोणी तारे सांगितले की ते कोणत्या साली आणि कोणत्या नियमांनी मिळालेले, हे आधी विचारावं.

किआच्या कॅरेन्सची गोष्ट जुनी गाडी घेणाऱ्याने कान देऊन ऐकावी. २०२४ मध्ये तिची दोनदा चाचणी झाली. ११ डिसेंबर २०२३ च्या आधी बनलेल्या गाडीला प्रौढांच्या सुरक्षेत शून्य, आणि त्यानंतर सुधारून बनवलेल्या गाडीला तीन तारे. बाहेरून गाडी तीच. तेव्हा सेकंडहँड कॅरेन्स बघताना रजिस्ट्रेशनच्या तारखेवर जाऊ नका, गाडी कोणत्या महिन्यात बनली ते बघा. टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉसला २०२५ मध्ये भारत एनकॅपचे पाच तारे मिळाले. त्या गाडीत खोट काढायला फारशी जागा नाही, मात्र हायब्रीडची किंमत ऐकली की मध्यमवर्गीय माणूस निमूटपणे ब्रोशर घडी करून खिशात घालतो.

किमतीत सरकारचा वाटा किती, हेही बघायला हवं. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले. चार मीटरपेक्षा लांब नसलेली आणि १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन असलेली गाडी १८ टक्क्यांत बसते, त्यापुढची ४० टक्क्यांत. ट्रायबर चार मीटरच्या आतली, म्हणून १८ टक्के. अर्टिगा आणि कॅरेन्स ४० टक्के. ट्रायबर स्वस्त पडण्यामागे हे एक मोठं कारण आहे. पण चार मीटरच्या आत सात माणसं बसवायची म्हणजे कुठेतरी काटकसर आलीच. ट्रायबरच्या तिन्ही रांगा उभ्या केल्या की डिकी ८४ लिटरची उरते. एक पिशवी आणि फार तर एक छोटी बॅग. इंजिन ९९९ सीसी, ताकद ७२ पीएस. शहरात, चार माणसांत गाडी झकास चालते. सातजण भरून, एसी लावून दौलताबादवरून खुलताबादचा घाट चढायला लागा, मग ७२ पीएस म्हणजे किती ते पायाला कळतं.

अर्टिगाची डिकी २०९ लिटरची. सीएनजी घेतली तर तीही टाकीने भरते. कंपनी सीएनजीचं ॲव्हरेज किलोला २६.११ किलोमीटर सांगते आणि रोज पन्नास-साठ किलोमीटर धावणाऱ्याचा हिशेब त्यात बसतोही. पण तुळजापूरला निघालेल्या सातजणांच्या बॅगा जाणार कुठे? टपावरच्या कॅरिअरवर. उंचावर वजन चढलं की वळणावर गाडी कलते. या गोष्टी शोरूममधल्या रिकाम्या, चकचकीत गाडीत दिसत नाहीत.

हे सगळं आपल्याला जास्त लागू आहे, कारण समृद्धी महामार्ग आता सावंगी आणि माळीवाड्यापर्यंत दारात आला आहे. ताशी १२० च्या मर्यादेवर लोक भरल्या गाडीने सुसाट निघतात. १५ ऑक्टोबर २०२३ ला मध्यरात्रीनंतर वैजापूर हद्दीत एक मिनीबस ट्रकवर आदळली आणि १२ जण गेले. सैलानी बाबांच्या दर्शनाहून परतणारे भाविक होते ते आणि गाडीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं होती. आपणही सातच्या गाडीत नऊजण कोंबतो, लहान मूल मांडीवर घेतो आणि मागच्या बेल्टचं बक्कल सीटखाली ढकलून देतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा त्याच्या मापाची सीट लावणं कायद्याने बंधनकारक आहे. दंड हजार रुपये आहे. पण दंडाच्या भीतीने मुलाला बेल्ट लावावा लागत असेल तर बोलणंच खुंटलं.

टिकाऊपणाबद्दल शोरूमवाल्याला विचारू नका. रेल्वे स्टेशनबाहेर किंवा वेरूळच्या पार्किंगमध्ये उभ्या टुरिस्ट गाड्यांच्या ड्रायव्हरला एक चहा पाजा आणि विचारा, क्लच किती किलोमीटरला टाकला, सस्पेन्शनचं काम कधी निघालं, पार्ट किती दिवसांत मिळतो. तिथे इनोव्हा आणि अर्टिगाच जास्त दिसतात, ते उगाच नाही. होंडाची मोबिलिओ, रेनॉची लॉजी, शेवरोलेची एन्जॉय, डॅटसनची गो प्लस या सगळ्या सात सीटच्या गाड्या आल्या तशा गेल्या. शेवरोले आणि डॅटसन तर दुकान बंद करूनच गेले. नाशिकला बनणारी महिंद्राची मराझो सुरक्षेत चार तारे मिळवूनही गिऱ्हाईकांअभावी मागे पडली. चांगल्या गाडीचं असं झालं याचं मला आजही वाईट वाटतं. पण पार्टसाठी पुण्या-मुंबईला फोन करत बसावं लागलं तर स्वस्त गाडीही नाकापेक्षा मोती जड होते. ड्रायव्हर मंडळींचा एक इशारा मात्र लक्षात ठेवा. टुरिस्टमध्ये चाललेली इनोव्हा पांढरी नंबरप्लेट लावून बाजारात येते. मीटरवर जाऊ नका, सर्व्हिसचं रेकॉर्ड काढा.

बिडकीनला टोयोटाचा कारखाना येणार, २० हजार कोटींची गुंतवणूक होणार, असा करार जुलै २०२४ मध्ये झाला. तेव्हापासून काही मित्र थांबलेत, म्हणे गाडी इथेच स्वस्त मिळेल. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना येऊन वीस वर्षं उलटली. सात सीटची कोडियाक तिथेच जोडली जाते, ती आपल्याला काही सवलतीत मिळाली नाही. वाट बघण्यात अर्थ नाही.

माझा कौल विचाराल तर असा. सातजण वर्षातून दोनदाच एकत्र निघणार असतील तर चांगल्या ताऱ्यांची पाच सीटची गाडी घ्या आणि त्या दोन वेळा इनोव्हा भाड्याने बोलवा, पैसेही वाचतील. दर महिन्याला सहा-सातजण गावी जाणार असाल आणि ऐपत असेल तर हायक्रॉस. नसेल तर नवी कॅरेन्स किंवा सहा एअरबॅगची अर्टिगा, त्यातली जिच्या तिसऱ्या रांगेत तुमच्या घरातल्या सगळ्यात उंच माणसाचं डोकं छताला लागणार नाही ती. तिच्यावर टपाचं कॅरिअर लावू नका आणि १०० च्या वर पळवू नका. ट्रायबर चारजणांच्या घराला, अधूनमधून आलेल्या दोन पाहुण्या पोरांसाठी.

ऑक्टोबर २०१० मध्ये याच शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन घासाघीस केली आणि एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या. तेव्हा घासाघीस आपल्याला कुणी शिकवायला नको. फक्त या वेळी ती फ्लोअर मॅट आणि सीट कव्हरवर वाया घालवू नका, टेस्ट ड्राइव्हवर करा. सातही जण बसवून, मागच्या रांगेत बेल्ट लावून, एसी चालू ठेवून अर्धा तास गाडी मागा, आणि त्यातली दहा मिनिटं तुम्ही स्वतः मागे बसा. सेल्समन नाही म्हणाला तर जालना रोडवर पुढचं शोरूम चालत जाण्याच्या अंतरावर आहे.