ममलाख्ती कोणाला म्हणावं?

इस्रायलच्या राजकारणात ‘ममलाख्ती’ या विशेषणाला मोठा मान आहे. मूळ शब्द ‘ममलाखा’, म्हणजे राज्य. सरकारी शाळा ममलाख्ती, सरकारी समारंभही ममलाख्ती. नेत्याला ममलाख्ती म्हटलं की तो पक्षापलीकडे पाहणारा ठरतो. ‘हे ममलाख्ती नव्हे’ म्हटलं की त्याने पायरी सोडली असा ठपका बसतो. २०२२मध्ये बेनी गँट्झ या नेत्यांनी आपल्या आघाडीचं हिब्रू नावच ‘ममलाख्ती छावणी’ ठेवलं. पक्षापलीकडे असल्याची पाटी निवडणुकीच्या आखाड्यात लावली की तिचाही पक्षच होतो.

या विचाराला वजन दिलं ते पहिले पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन यांनी. एक राज्य, एक सैन्य, हा त्यांचा आग्रह. जून १९४८मध्ये इर्गुन संघटनेची शस्त्रं घेऊन आलेल्या ‘अल्तालेना’ जहाजावर त्यांनी तोफ डागायला लावली. त्याच वर्षी पालमाख या लढाऊ दलाचं स्वतंत्र मुख्यालयही मोडीत काढलं. पण इर्गुन विरोधकांची होती आणि पालमाखवर डाव्या प्रतिस्पर्ध्यांचा प्रभाव होता. दुसऱ्याचं बळ कमी करताना तत्त्वनिष्ठा फारशी महाग पडत नाही.

म्हणून मला १९५३चा शिक्षण कायदा अधिक मोलाचा वाटतो. त्याने पक्षनिहाय शाळा बंद केल्या आणि त्यांत बेन-गुरियन यांच्याच कामगार चळवळीच्या शाळाही गेल्या. तिथे शब्दाची किंमत घरातून मोजली गेली. आरोग्यसेवेत मात्र ते घडलं नाही. त्याच चळवळीच्या हिस्ताद्रुत या कामगार महासंघाचा आरोग्यनिधी आणि सभासदत्व यांची गाठ सुटायला १९९५ उजाडलं.

लग्न-घटस्फोट तर राज्याने धर्मपीठांकडेच ठेवले. त्याची झळ आपल्या कोकण-मुंबईतून तिकडे गेलेल्या बेने इस्रायल ज्यू कुटुंबांना बसली. लग्नाआधी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचे आदेश मुख्य रबाईंच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कार्यालयाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला काढले. मोठं आंदोलन झालं. ऑगस्ट १९६४मध्ये संसदेला, म्हणजे क्नेसेटला, हे लोक सर्वार्थाने ज्यू असल्याचं सांगावं लागलं. अपमानाला उत्तर मिळालं, तरी लग्न लावण्याचा अधिकार रबाईंकडेच राहिला.

आजची कसोटी सैन्यभरतीची आहे. ज्यू धार्मिक पाठशाळांतल्या सुमारे ४०० विद्यार्थ्यांना सवलत दिली तीही बेन-गुरियन यांनीच; पुढे ती हजारोंपर्यंत पसरली. जून २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की, कायद्याचा आधार नसताना अशी सरसकट सूट देता येणार नाही. पण ज्या कडव्या धार्मिक पक्षांच्या मतदारांना ती हवी, त्यांच्याच टेकूवर तिथली अनेक सरकारं उभी राहिली आहेत. तेव्हा स्वतःला ममलाख्ती म्हणवणाऱ्या प्रत्येक नेत्याला, गँट्झ यांच्यासकट, एवढंच विचारावं: तुमच्या मित्रपक्षाची कोणती सवलत तुम्ही काढून घेणार? विरोधकांच्या सवलतींची यादी कोणीही देईल.