दोन ठिकाणची ई.सी.



परवा दिवेलागणीला वहिनी ओसरीवर आल्या. एका हातात माती परीक्षणाचा कागद, दुसऱ्या हातात फवारणीच्या औषधाची बाटली. म्हणाल्या, "भावजी, बाटलीवर २५ ई.सी. अन् या कागदावर ई.सी. ०.४२. म्हणजे फवारलेलं औषध मातीत उरलंय का हो?"

पोरे खुदकन हसली. मला मात्र हसू आले नाही. अक्षरे तीच, मग अर्थ वेगळा आहे हे माणसाने ओळखावे कसे?

मातीच्या कागदावरची ई.सी. म्हणजे विद्युत वाहकता. माती पाण्यात कालवून त्यातून वीज किती वाहते ते मोजतात. क्षार जास्त तितकी वीज जास्त वाहते. आकडा १ च्या आत असला म्हणजे काळजी नाही. तो चढू लागला की आधी उगवण मार खाते. मग चर काढून पाण्याचा निचरा करावा आणि पाणी बेताने द्यावे.

बाटलीवरची ई.सी. निराळी. ते तेलकट औषध पाण्यात पडले की दुधासारखे पांढरे होते. आपल्याकडच्या शिफारशींत त्याला 'प्रवाही' म्हणतात. त्याआधीचा आकडा म्हणजे शंभर भागांत मूळ विष किती. सायपरमेथ्रीन १० ई.सी. मिळते, तसे २५ ई.सी.ही मिळते. नाव एक, पण दुसरे अडीचपट कडक.

हे आम्ही ठेच लागून शिकलो. गेल्या साली १० ई.सी. मिळाले नाही म्हणून मी २५ ई.सी. आणले आणि माप जुनेच सांगितले. दादांनी तोंडाला फडके न बांधताच वांगी फवारली. रात्री त्यांना मळमळू लागले, दवाखाना गाठावा लागला. चूक माझी होती.

तेव्हा बंधूंनो, भगिनींनो, बाटलीच्या टोपणाने औषध मोजू नका. मापाचे भांडे वेगळे ठेवा. औषध दुसऱ्या बाटलीत ओतू नका. चिठ्ठी गेली की आकडाही गेला. मातीच्या कागदावरचा आकडा पाहून औषधाचे माप तर कधीच ठरवू नका.

सगळे ऐकून वहिनी म्हणाल्या, "आता बाटलीवरचा आकडा आधी मी वाचीन, मगच पंप भरायचा."

दादांनी मुकाट्याने मान हलवली. मीही!